विठ्ठला, माप माझ्या हाती राहू दे

विठ्ठला, आज मी जे मागायला आले आहे त्याचं माप ग्रेमध्ये आहे. एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो एक ग्रे. हॅरोल्ड ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किरणांचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो हे शोधण्यात आयुष्य घातलं, म्हणून मापाला त्यांचं नाव. एका ग्रेने पाणी अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर सात आठवडे रोज थोडे थोडे देऊन जे 77 ग्रे भरतात, ते सगळे एकदम दिले तरी शरीर अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढंही गरम होणार नाही. टेबलावर झोपलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही, ना ऊब, ना टोचणं. आणि तरीही एवढ्याशा ऊर्जेत गाठ मारायचं बळ आहे, आणि ती भलत्या जागी पडली तर शेजारचं आतडं कायमचं दुखवायचंही. इतकं अल्प आणि इतकं भारी असं काही तू माणसाच्या हाती दिलंस. आता ते धरायचं कसं, तेही तूच शिकव.

मी कुठे बसते ते तुला ठाऊक आहे. सुरतेतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जाडजूड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे किरणं देणारं यंत्र, लिनॅक, आहे आणि अलीकडे माझी प्लॅनिंगची खोली. डॉक्टर गाठ आखून देतात, किती डोस हवा ते लिहून देतात. तो डोस तिथे कसा पोचेल आणि बाकी कुठे कसा पोचणार नाही, हे गणित माझं. मुंबईत अणुशक्तीनगरला ते शिकले, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत राहून करते, छातीवरचा बिल्ला माझ्या स्वतःच्या अंगात किती किरणं गेली याची नोंद ठेवतो. पेशंटांना मी फारशी दिसत नाही. माझ्यासमोर असतात त्यांच्या आतल्या चित्रांचे काप, करड्या रंगाचे, एकावर एक रचलेले.

पण फायलीवरचे पत्ते मी वाचते. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पर्वत पाटिया. जन्मगाव पाहावं तर अमळनेर, शिरपूर, चोपडा, पाचोरा, नंदुरबार. सुरत-भुसावळच्या गाडीने ही माणसं इकडे आली. कुणी 1972च्या दुष्काळानंतर, कुणी नंतर शेती तुटली म्हणून. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये उभी राहिली, लूमच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, कान अधू झाले, पाय सुजले, लेकरं मोठी झाली. ज्या तापीच्या खोऱ्यात त्यांची गावं, तीच तापी इथे सुरतेला खाडीत उतरते. श्रावणात त्यांनी कानबाई इथल्या चाळींत बसवली, आणि तुझी तसबीर पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात नेली. आता ती साठी-सत्तरीत आहेत आणि माझ्या पडद्यावर येत आहेत. त्यांच्यासाठी मी बोलते आहे, विठ्ठला. त्यांना माझ्या कामाची भाषा येत नाही आणि मला त्यांच्या वतीने तुझ्याशी बोलायचा हक्क आहे असं मी मानते, कारण त्यांच्या देहाचा नकाशा माझ्या हाती आहे.

तुझे हात कमरेवर आहेत. भक्ताला भवसागर कमरेइतकाच आहे, एवढाच खोल आहे, असं तू दाखवतोस म्हणतात. माझी माणसं मात्र कमरेच्या खालच्या दुखण्याबद्दल बोलतच नाहीत. रात्री चारदा उठतात, धार बारीक झालेली असते, थांबून थांबून येते, आणि ते म्हणतात वय झालं. खरं तर पुष्कळदा ते वयच असतं. प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग दाबते, त्यात कॅन्सर नसतो. आणि सुरुवातीचा कॅन्सर तर बहुधा कसलाच आवाज करत नाही. पण लघवीच्या त्रासाच्या निमित्ताने माणूस डॉक्टरकडे गेला तर रक्तातलं पीएसए नावाचं प्रोस्टेटचं प्रथिन तपासलं जातं, बोटाने तपासणी होते, आणि जे मुकं होतं ते सापडतं. म्हणून माझं पहिलं मागणं त्यांच्या जिभेसाठी आहे. बायकोपुढे, मुलापुढे, डॉक्टरपुढे त्यांना तोंड उघडू दे. ज्यांनी मालकापुढे पगारवाढीचा शब्द काढला, संपात उभे राहिले, त्यांना लघवीचा शब्द काढायला एवढं जड का जावं? त्यांची लाज तू घे. ती ठेवायला तुझ्या विटेपाशी जागा आहे.

आणि आता जे विचारायचं आहे ते विचारते. ही ग्रंथी तू अशा ठिकाणी का ठेवलीस? वर लघवीची पिशवी, मधून मूत्रमार्ग जातो, आणि मागे, अगदी टेकून, गुदाशय. त्यातही कॅन्सर बहुतेकदा ग्रंथीच्या मागच्या भागातच उगवतो, म्हणजे आतड्याला सर्वांत जवळ. मी माझ्या पडद्यावर दोन्हींतलं अंतर मोजते तेव्हा ते मिलिमीटरमध्ये असतं. जिथे मला सर्वांत जास्त द्यायचं आहे, तिथेच सर्वांत कमी द्यायला हवं. तक्रार म्हणून नाही विचारत. पण रोज तिथेच हात थरथरतो, म्हणून विचारते.

आमच्या आधीच्यांनी हे शिकताना किती माणसांचं सोसणं खर्ची घातलं, तेही तुझ्यापुढे ठेवते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात 1993 ते 1998 या काळात 301 पुरुष एका अभ्यासात आले. निम्म्यांना 70 ग्रे दिले, निम्म्यांना 78. आठ वर्षांनी पाहिलं तर जास्त डोस मिळालेल्यांत 78 टक्क्यांचा आजार काबूत होता, कमीवाल्यांत 59 टक्क्यांचा. डोस वाढवला की फायदा होतो हे पक्कं झालं. पण गुदाशयाचा मध्यम किंवा त्याहून मोठा त्रासही 13 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर गेला. शौचाला रक्त, घाई, कुठे जायचं तर आधी संडास कुठे आहे ते बघणं. या दोन आकड्यांची जोडी मी विसरू नये असं कर. वाढवलेला प्रत्येक ग्रे कुणाच्या तरी अंगातून वसूल होतो. ती माणसं ह्यूस्टनची होती, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांचं पुण्य लिंबायतच्या माणसाला लागू दे.

मग लोकांनी वेगळा विचार केला, आणि हा विचार मला तुझ्या जवळचा वाटतो. उपचारानंतर आजार परत उलटतो तेव्हा तो बहुधा जिथे मूळची मोठी गाठ होती तिथूनच उलटतो. मग सगळ्या ग्रंथीला वाढवून द्यायचं कशाला? एमआरआयवर गाठ दिसते ना, तिलाच जास्त द्या. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांनी 2009 ते 2015 या वर्षांत 571 पुरुषांवर हे करून पाहिलं. अभ्यासाचं नाव फ्लेम. सगळ्यांच्या पूर्ण ग्रंथीला 35 बैठकांत 77 ग्रे. त्यांतल्या निम्म्यांना त्याच बैठकांत, त्याच वेळी, नुसत्या गाठीला 95 ग्रेपर्यंत. डॉ. लिंडा केर्कमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली निकाल मांडला. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेले, आजार न उलटलेले 92 टक्के. साध्या डोसच्या गटात 85.

पण मला त्यातला आकडा तितका नाही, त्यातला एक नियम जपायचा आहे. 95 ही मुभा होती, सक्ती नव्हती. आतड्याची आणि लघवीच्या पिशवीची मर्यादा आधी ठरलेली, आणि गाठीला वाढीव डोस देताना ती मोडत असेल तर गाठीचा डोस कमी करायचा. शेजाऱ्याची हद्द आधी, मग शत्रूवरचा मारा. त्यामुळे पुष्कळांच्या गाठीच्या कानाकोपऱ्यापर्यंत 95 पोचलेच नाहीत, आणि तरीही एवढा फरक पडला. आतड्याचा मध्यम किंवा त्याहून मोठा त्रास साध्या डोसच्या गटात 12 टक्के, वाढीव डोसच्या गटात 13. लघवीचा 23 आणि 28. हा फरक योगायोगाने पडला नाही असं छातीठोकपणे म्हणण्याएवढा मोठा नव्हता, पण मी तो नजरेआड करणार नाही. तोही कुणाचा तरी मूत्रमार्ग आहे.

विठ्ठला, हा नियम माझ्या हाडात मुरू दे. संध्याकाळी डोळे शिणलेले असतात, संगणक सांगत असतो की अजून दोन ग्रे गाठीत बसतील, आतड्याची रेघ जराशीच वर सरकेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेव्हा माझा हात धर. कमी दिलं तर आजार उरेल ही भीती आणि जास्त दिलं तर माणूस आयुष्यभर संडास शोधत फिरेल ही भीती, दोन्ही माझ्यात सारख्याच जाग्या ठेव. एकीने दुसरीला झोपवू नये. धाडस दे, पण ते गाठीच्या रेषेच्या आतलं दे. रेषेबाहेर पाऊल टाकताना मला भ्याड कर.

चोपड्याकडचे एक बाबा होते. केळीची थोडी बाग होती, ती भावाकडे सोडून लूमवर आलेले. डॉक्टर त्यांना समजावत होते आणि मीही त्या वेळी तिथे होते. सगळ्या ग्रंथीला किरणं देणार, पण गाठीला जास्त, असं ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे ठिबक. अख्खं वावर नाही भिजवायचं, बुडाशी द्यायचं.” मग माझ्याकडे वळून, “बरं शे, ताई. नळी सरकू देऊ नका तेवढी.” मी इतकी वर्षं शिकलेलं त्यांनी एका वाक्यात धरलं, आणि माझी सगळ्यात मोठी धास्तीही. तेच आता तुझ्यापाशी मागते. नळी सरकू देऊ नकोस.

कारण ती सरकते. ग्रंथी एका जागी बसत नाही. गुदाशयात वायू भरला की ती पुढे ढकलली जाते, लघवीची पिशवी रिकामी असली की आतडी खाली येतात. प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवशी जसं शरीर होतं तसंच रोज असावं लागतं. म्हणून सांगतो, पोट साफ करून या, इथे येऊन लघवी करा, मग मोजून पाणी प्या आणि थांबा. ऐकायला सोपं आहे. साठी उलटलेल्या, आधीच धार न आवरणाऱ्या माणसाला भरलेली पिशवी घेऊन बाकावर पाऊण तास बसवणं काय असतं, ते बाकावर बसलेल्यालाच कळतं. यंत्राला उशीर झाला की त्याचे पाय एकमेकांत आवळले जातात. विठ्ठला, त्या पाऊण तासात तू त्यांच्या शेजारी बस. कुणाची लुंगी ओली झाली तर तिथल्या मावशींना आणि टेक्निशियनला इतकं सहज वागू दे की तो माणूस दुसऱ्या दिवशी परत येईल. बैठक चुकली तर गणित बिघडतं, आणि लाजेने चुकलेली बैठक मला कुठल्याही प्लॅनमध्ये भरून काढता येत नाही. डाळ आणि हरभरा काही दिवस कमी खा म्हणून सांगितलं तर त्यांच्या घरच्यांनी ते ऐकावं. खान्देशातल्या स्वयंपाकघरात हे सांगणं किती अवघड ते तुला सांगायला नको.

रोज किरणं सुरू करायच्या आधी यंत्र स्वतःच एक सीटी घेतं आणि आमची माणसं ती प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून बघतात. कधी ग्रंथीत सोन्याचे बारीक कण आधीच बसवलेले असतात, त्यांच्या खुणेवरून जागा जुळवतात. दोन मिलिमीटर इकडे, तीन मिलिमीटर तिकडे, टेबल सरकतं. ही जुळवाजुळव करणारी मुलं-मुली तरुण आहेत, दिवसभरात एकामागून एक पेशंट घेतात, दुपारचा डबा उभ्याने खातात. शेवटच्या पेशंटलाही त्यांचे डोळे सकाळच्या पहिल्याइतकेच ताजे असू देत. चित्र जुळत नसेल तर “आज नको, बाबा, परत एकदा संडासला जाऊन या” असं म्हणायचा धीर त्यांना दे, बाहेर कितीही रांग असली तरी. आणि त्यांच्यावर ओरडणारं कुणी असेल तर त्याला आधी माझ्याकडे पाठव.

सकाळी यंत्र तपासायची पाळी माझी असते तेव्हा पाण्याच्या टाकीत आयन चेंबर ठेवून मी डोस मोजते. काल जेवढा होता तेवढाच आज आहे का. एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो, त्यापुढे नाही. या मोजण्याच्या वेळी मी तुझं नाव मनात घेते, पण मोजणं सोडत नाही, आणि तुलाही तेच आवडत असेल अशी माझी खात्री आहे. काल बरोबर होतं म्हणून आज बरोबर असेल, असं मला कधी वाटू देऊ नकोस. इथली वीज, इथला दमट उकाडा, पावसाळ्यातला ओलावा, यांतून ते यंत्र चालतं. त्याचा सूक्ष्मसा भाग सैल पडला तर तो माझ्या नजरेला आधी पडू दे, कुणाच्या अंगाला नंतरही नको.

गाठ आखणाऱ्यांसाठीही मागते. सगळं त्या रेघेवर उभं आहे. एमआरआयवर गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवणं रेडिओलॉजिस्टच्या नजरेचं काम आहे. बायोप्सीचं रक्त अजून साचलेलं असेल, किंवा हार्मोनची इंजेक्शनं आधीच सुरू होऊन ग्रंथी आकसली असेल, तर गाठ विरघळल्यासारखी दिसते. मी कितीही बारीक गणित केलं तरी चुकीच्या जागी काढलेल्या गोलाला ते बरोबर करत नाही. म्हणून चांगला एमआरआय वेळेवर होऊ दे, आणि तो वाचणाऱ्या माणसाजवळ माझ्या डॉक्टरांना फोन करून विचारायला वेळ असू दे. “इथे मला खात्री नाही” असं एक तज्ज्ञ दुसऱ्याला सांगू शकेल एवढा मोकळेपणा त्यांच्यात राहो. ज्यांची गाठ स्पष्ट दिसतच नाही, त्यांना उगाच काहीतरी गोल काढून वाढीव डोस द्यायचा मोह आम्हाला होऊ नये. साधा डोस नीट मिळणं हेही मोठं दान आहे.

आणि खरं बोलायचं बळ दे. फ्लेमच्या अभ्यासात दोन्ही गटांतली माणसं जगली सारखीच. वाढीव डोसने आयुष्य वाढलं असं तोवर दिसलं नव्हतं. आजार परत उलटायचं प्रमाण कमी झालं, एवढं दिसलं. शंभरांत सातजण. मुलगा विचारतो, “मॅडम, याने बाबा बरे होतील ना? वाचतील ना?” तेव्हा माझ्या आणि डॉक्टरांच्या तोंडून 95चा आकडा चमत्कारासारखा निघू नये. सातजणांना परत हार्मोनच्या इंजेक्शनांकडे, परत तपासण्यांच्या फेऱ्यांकडे जावं लागलं नाही, हे लहान नाही. पण ते आहे तेवढंच सांगता यावं. दुखण्यात सापडलेल्या घराला खोटी आशा विकणं हे मी पाप मानते, आणि खरी आशा आखडती घेणं हेही.

दिवसांचं गाऱ्हाणं तर रोजचं आहे. पस्तीस बैठका म्हणजे सात आठवडे. मिलमधल्या माणसाचा खाडा झाला की पगार कापला जातो. निवृत्त असेल तर त्याला आणणाऱ्या मुलाचा खाडा होतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने, 3216 पुरुषांवरच्या, 2016 साली दाखवलं की रोजचा डोस थोडा वाढवून 20 बैठकांत 60 ग्रे दिले तरी निकाल 37 बैठकांइतकाच चांगला असतो. आता पाच बैठकांत संपवायचे प्रयत्न चालू आहेत. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच माणसांवर, जास्त धोक्याच्या आजारात, पाच बैठकांची तुलना पंचवीस बैठकांशी करायचा अभ्यास हाती घेतला आहे. नेदरलँड्स-बेल्जियमवाल्यांनीही गाठीवरचा वाढीव डोस पाच आठवड्यांत, आठवड्याला एक असा, शंभर पुरुषांना देऊन पाहिला आहे. विठ्ठला, या लोकांच्या कष्टाला यश दे. पाच दिवसांत होणारं असेल तर पाच दिवसांत होऊ दे. पण बैठका कमी म्हणजे प्रत्येक बैठकीचं वजन मोठं, म्हणून आमची सावधगिरी तेवढ्याच पटीने वाढव. पहाटे फ्लाइंग राणी पकडून मुंबईला जाणाऱ्या आपल्या माणसांना, जे इथे होऊ शकतं त्यासाठी तिथे धर्मशाळेत राहावं लागू नये. आणि जे इथे होत नाही, त्यासाठी त्यांना कुणी वेळेवर मुंबईला पाठवावं. आयुष्मान कार्डाच्या कागदात एखादं अक्षर इकडचं तिकडे असलं म्हणून कुणाची पहिली बैठक पुढे ढकलली जाऊ नये. गाव तिकडे, घर इकडे, रेशनकार्ड एका राज्याचं, भाडेकरार दुसऱ्याचा. ज्याने आयुष्य दोन राज्यांत वाटलं त्याला खिडकीवर दोन राज्यांमध्ये उभं करू नका, एवढं त्या खिडकीमागच्या माणसाला तू सांग.

ज्यांना माझं हे बारीक गणित उपयोगाचं नाही, त्यांनाही विसरत नाही. कुणी कंबर दुखते म्हणून वर्षभर मलम चोळलेलं असतं आणि येतो तेव्हा आजार हाडांत गेलेला असतो. त्यांच्यासाठी गाठीवरचा बारीक नेम आता मुख्य राहत नाही. त्यांच्या दुखण्याला हाडावरचे थोडे किरण, गोळ्या, इंजेक्शनं, आणि रात्रीची झोप दे. दुसऱ्या टोकाला असे असतात की ज्यांची गाठ इतकी लहान आणि मंद आहे की नुसती नजर ठेवली तरी चालेल. त्यांना धास्तीने आमच्या यंत्राखाली आणू नकोस. कॅन्सर हा शब्द ऐकून घर हादरतं, आणि “काहीतरी करा” असा धोशा लागतो. त्या वेळी न करण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरवर त्या घराचा विश्वास बसू दे.

बायकांसाठी मागायचं राहून जाईल, म्हणून आत्ताच मागते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी पुरुषाच्या अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, घाम फुटतो, चिडचिड होते, शरीरसुखाची इच्छा विझते. हे त्याच्या बायकोला कुणी सांगत नाही. ती समजते की नवरा आपल्यावर रुसला, किंवा तिच्यात काही उणं झालं. तिच्या स्वतःच्या पाळी जाण्याच्या काळात हेच तिने एकटीने सोसलेलं असतं, आणि घरात कुणाला ते कळलंही नसतं. आता दोघांना एकमेकांचं कळावं. ओपीडीत नवऱ्याबरोबर तिलाही आत बोलवायची पद्धत पडू दे. ती दाराबाहेर पिशव्या सांभाळत बसून राहू नये. माझी मावशी अशीच बसून राहिली होती एकेकाळी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रुग्णालयात. काकांना काय झालंय हे तिला शेजारच्या बाकावरच्या बाईकडून कळलं. तसं पुन्हा कुणाचं होऊ नये.

वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं झाली की ही माणसं पीएसएचा कागद घेऊन तपासायला येतात. तो आकडा खाली राहावा, दर खेपेला खाली राहावा. आणि उपचार संपल्यावर येणं बंद करणारे, बरं वाटतंय म्हणून गावी निघून जाणारे, त्यांनाही तेवढ्या एका रक्ततपासणीची आठवण राहू दे. अमळनेरला ती होते, शिरपूरला होते, त्यासाठी सुरतेला यायची गरज नाही. कागदाचा फोटो कुणीतरी आमच्या डॉक्टरांना पाठवला तरी पुरे. मला त्यातून कळतं की मी दिलेलं माप बरोबर होतं का. दुसरा कुठलाही निकाल मला मिळत नाही, आणि तो मिळावा अशी माझी फार इच्छा आहे.

शेवटी त्या मुलांसाठी. जे बापाला मोटरसायकलवर मागे बसवून आणतात, बाप आत असताना बाहेर टपरीवर चहा पितात, मोबाइलवर पाळीच्या मुकादमाला कारणं सांगतात. चाळिशी-पन्नाशीची आहेत ती. बापाला हा कॅन्सर झाला की मुलाला होण्याची शक्यता वाढते, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष बापाकडे असतं. विठ्ठला, बापाच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी पेढे वाटून झाले की त्यांच्यातल्या एकाने तरी डॉक्टरांना थांबवून विचारावं, “माझी तपासणी कधी करायची?” आणि डॉक्टरांनी त्या गर्दीत थांबून त्याला नीट उत्तर द्यावं.